शंभर कोटींत एक सरकी जास्त

फेब्रुवारीच्या अखेरीस विज्ञान दिनाला आमच्या तालुक्याच्या कॉलेजात न्यूट्रिनो नावाच्या अतिसूक्ष्म कणांवर व्याख्यान होतं. मी बी.एस्सी. फिजिक्सचा, पण पंचवीस वर्षं कृषी केंद्र चालवतो. असं बोलावणं आलं की दुकान पोरावर सोडून जातो. पाहुणे बाहेरगावचे, अभ्यासू. तासभर छान बोलले. कोणाला काही विचारायचं आहे का, असं म्हटल्यावर मागच्या खुर्चीवरून आमच्याच गावचे एक काकाजी उठले. "सर, थे न्यूट्रिनो पऱ्हाटीवर फवारा लागते का मुळाशी टाका लागते?" हॉल हसला. पाहुणेही हसले आणि म्हणाले, "काका, आज उपयोग दिसत नाही, पण उद्या यातूनच काहीतरी निघेल. मोबाईलसुद्धा असाच निघाला." टाळ्या पडल्या, चहा झाला. चाळीस वर्षं कापूस पिकवलेल्या माणसाला न्यूट्रिनो हे औषध नाही, हे पुरतं ठाऊक होतं. तो टोमणा होता, आणि स्टेजवरच्या कोणालाही तो कळला नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानासमोरच्या बाकड्यावर विषय तामिळनाडूतल्या थेनीत अडलेल्या न्यूट्रिनो वेधशाळेवर गेला आणि दोन तट पडले. एक म्हणे, "लोकं मरून रायले, कापसाले भाव नाही, अन् सरकार डोंगर पोखरून न दिसणारे कण मोजून रायलं." दुसऱ्या तटात इंजिनिअरिंगची पोरं आणि एक मास्तर. त्यांचं म्हणणं, अशा अडाणी विचारानेच देश मागे राहिला, चीन बघा कुठे गेला. मी तीन दिवस ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं की हे भांडण खोटं आहे, कारण दोन्ही बाजू एकच गोष्ट मोजताहेत: एकरी उतारा किती? एकाच्या मते उतारा शून्य, दुसऱ्याच्या मते पुढच्या हंगामात भरघोस. माझं मत आधीच सांगून टाकतो. न्यूट्रिनोवर सरकारी पैसा खर्च व्हावा, आपल्या मातीतही व्हावा, आणि तो उपयोगाचं आमिष दाखवून मागू नये. प्रश्न काय आहे ते सरळ सांगून मागावा. तो प्रश्न शेतकऱ्याला कळत नाही हे गृहीत धरणं, हाच या वादातला सगळ्यात मोठा अडाणीपणा आहे.

प्रश्न असा. विश्वाच्या आरंभी जी प्रचंड ऊर्जा होती, तिच्यातून पदार्थ आणि प्रतिपदार्थ जोडीजोडीने तयार झाले. इलेक्ट्रॉनसोबत पॉझिट्रॉन, प्रोटॉनसोबत प्रतिप्रोटॉन. ही थाप नव्हे. डिरॅकच्या समीकरणातून १९२८ मध्ये याची चाहूल लागली आणि १९३२ मध्ये अँडरसनला पॉझिट्रॉन प्रत्यक्ष सापडला. हे दोघे भेटले की एकमेकांना संपवतात, मागे उरतो नुसता प्रकाश. हिशेब बरोबरीचा असता तर आज ना सूर्य असता, ना काळी माती, ना आपण. पण आपण आहोत, म्हणजे कुठेतरी काटा झुकला. किती झुकला, तेही आकाशातल्या प्रारणावरून काढलंय: ढोबळमानाने शंभर कोटींमागे एक. हा आकडा बाकड्यावर सांगून कोणाला काही वाटेना, म्हणून मी हिशेब करून दाखवला. कापसाची एक सरकी साधारण ९० मिलिग्रॅम. शंभर कोटी सरक्या म्हणजे ९० टन, दहा टनी नऊ ट्रक. जिनिंगच्या आवारात नऊ ट्रक एकीकडे, नऊ ट्रक दुसरीकडे, दोघांची पूर्ण होळी झाली आणि एका बाजूला एक सरकी जास्त होती म्हणून ती उरली. सगळ्या आकाशगंगा त्या एका सरकीच्या. ती एक जास्त का होती, एवढाच प्रश्न आहे.

आता यात न्यूट्रिनो कुठून आला? साखारोव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये काटा झुकायला काय काय लागतं ते मांडलं. त्यातली एक अट अशी की निसर्गाने पदार्थ आणि प्रतिपदार्थ यांना थोडी वेगळी वागणूक द्यायला हवी. असा पक्षपात तीनच वर्षं आधी, १९६४ मध्ये, क्रोनिन आणि फिच यांच्या प्रयोगात केऑन नावाच्या कणांत दिसला होता. पण या जातीच्या कणांत जो पक्षपात सापडतो तो फारच तोकडा. त्यातून आपल्याएवढं विश्व उरत नाही. मग लक्ष गेलं न्यूट्रिनोकडे. पाउलीने १९३० मध्ये हिशेबातली तूट भरून काढायला हा कण नुसता कल्पिला होता, १९५६ मध्ये रेनेस आणि कोवन यांनी तो पकडला, आणि पुढे कित्येक वर्षं त्याला वजनच नाही असं पाठ्यपुस्तकं सांगत होती. मीही परीक्षेत तसंच लिहून मार्क घेतलेत. अमेरिकेतल्या होमस्टेक सोन्याच्या खाणीत रे डेव्हिस मात्र सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो मोजत बसला होता आणि त्याला दरवेळी अपेक्षेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच मिळत होते. लोक म्हणाले, मोजणी चुकली. चुकली नव्हती. न्यूट्रिनोच्या जाती तीन, आणि सूर्यात जन्मलेला न्यूट्रिनो इथे पोचेपर्यंत जात बदलतो; डेव्हिसचं यंत्र एकाच जातीला ओळखत होतं. (आपल्याकडे जात जन्माची आणि मेल्यावरही सुटत नाही, न्यूट्रिनोचं बरं आहे.) १९९८ मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांदेने, आणि नंतर कॅनडातल्या सडबरीच्या प्रयोगाने, हे जात बदलणं पक्कं केलं. ज्याला वजन नाही तो प्रकाशाच्या वेगाने जातो, त्याच्यासाठी वेळ सरकतच नाही, आणि ज्याची वेळ सरकत नाही तो बदलणार कधी? म्हणजे न्यूट्रिनोला वजन आहे. पण केवढंसं! जर्मनीतल्या कॅट्रिन प्रयोगाची अलीकडची मर्यादा घेतली तर इलेक्ट्रॉनच्या दहा लाखाव्या हिश्श्याहूनही कमी.

हे इतकं कमी का, यात गोम आहे. शाळेच्या मैदानातला सी-सॉ आठवा. एका टोकावर पहेलवान बसला की दुसऱ्या टोकावरचं पोरगं वर उचललं जातं. १९७७ ते ७९ च्या सुमारास काही भौतिकशास्त्रज्ञांनी, स्वतंत्रपणे, याच धर्तीची कल्पना मांडली: आपला न्यूट्रिनो इतका हलका आहे, कारण त्याचा एक अतिजड जोडीदार आरंभीच्या विश्वात होता. १९८६ मध्ये फुकुगिता आणि यानागिदा यांनी पुढचं पाऊल टाकलं. ते जड न्यूट्रिनो फुटताना पदार्थ आणि प्रतिपदार्थ अगदी समसमान वाटले गेले नाहीत. हलक्या कणांच्या कुळात पडलेला तो किंचित फरक नंतर प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या कुळात उतरला. जास्तीची सरकी कदाचित तिथून आली.

या 'कदाचित'वर विरोधकांनी बोट ठेवलं पाहिजे होतं, ते कोणी ठेवलं नाही. त्यांच्या वतीने मीच ठेवतो. ते जड न्यूट्रिनो बहुधा इतके जड की पृथ्वीवरचं कुठलंही यंत्र ते घडवू शकणार नाही. आजच्या न्यूट्रिनोंत पक्षपात आहे का, हे जपानचा टी-टू-के प्रयोग तपासतोय. २०२० मध्ये त्याने 'आहे बहुतेक' असा इशारा दिला, पण त्यावर शिक्का बसलेला नाही. अमेरिकेत न्यूट्रिनो १,३०० किलोमीटर लांब धाडून मोजणारा ड्यून प्रयोग उभा राहतोय, जपानमध्ये हायपर-कामिओकांदे. या सगळ्यांचं उत्तर होकारार्थी आलं तरी काटा त्याच कारणाने झुकला, हे सिद्ध होणार नाही. जुळून येतंय, एवढंच म्हणता येईल. मग जे कोणी पाहिलं नाही आणि पुन्हा घडवून दाखवता येणार नाही, त्याला ज्ञान म्हणायचं कसं? आक्षेप खरा आहे. त्याला उत्तर आमच्या बुलडाणा जिल्ह्यात आहे. लोणारचं विवर जवळपास १.८ किलोमीटर रुंद; लवणासुराची गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली. सभोवती सगळा ज्वालामुखीचा खडक, म्हणून हे ज्वालामुखीचंच तोंड, असं जाणते लोकही कितीतरी वर्षं म्हणत आले. उल्का पडताना कोणी पाहिली? कोणीच नाही. पुन्हा पाडून दाखवता येते? नाही. पण तिथल्या दगडात एक विशिष्ट काच सापडली, मॅस्केलिनाइट, जी प्रचंड धक्क्याशिवाय होतच नाही. १९७३ मध्ये भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी ते मांडलं आणि वाद मिटला. वय मात्र तरी चुकलेलंच होतं. आधी ते ५० हजार वर्षांच्या आसपास सांगत, नंतरच्या मोजणीने ते साडेपाच लाखांवर गेलं. दहापट चूक आपण दुरुस्त केली आणि कोणाचं नाक कापलं गेलं नाही. विश्वाच्या आरंभाची अशीच एक काच म्हणून न्यूट्रिनोचं वजन तपासलं जातंय. 'आम्हाला सापडलं' असं जो आज म्हणेल त्याला मीही उभा करणार नाही.

पैशाचा मुद्दा याहून जड आहे. थेनी जिल्ह्यातल्या भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेला केंद्राने २०१५ च्या सुरुवातीला मंजुरी दिली, सुमारे १,५०० कोटींची. डोंगराच्या पोटात ५० हजार टन लोखंडाचं यंत्र बसणार होतं. ज्याच्या घरी पीक विम्याचे दोन-चार हजार अडकलेत त्याला १,५०० कोटी हा आकडा टोचणारच, आणि 'देशाच्या बजेटमध्ये हे काहीच नाही' असं त्याच्या तोंडावर म्हणणं हा माज आहे. तरीही हिशेब हिशेब आहे. मी पॉस मशीनवर अंगठा घेऊन ज्या खताच्या गोण्या विकतो त्यांवरची सबसिडी देशभरात गेल्या काही वर्षांत दरवर्षी दीड लाख कोटींच्या वर गेली. १,५०० कोटी म्हणजे तिचे चार दिवसही होत नाहीत, आणि तेही कित्येक वर्षांत मिळून खर्च व्हायचे होते. खरा प्रश्न मी बाकड्यावर विचारला: तो प्रकल्प अडून दहा वर्षं झाली, त्यातला एक रुपया तरी पऱ्हाटीकडे आला का? कापसाचा भाव, आयात शुल्क, बोंडअळी, पतपुरवठा यांचे निर्णय ज्या टेबलांवर होतात, त्या टेबलांवर न्यूट्रिनोची फाईल कधी नव्हतीच. शेतकऱ्याच्या मरणाचं नाव घेऊन वेधशाळा अडवली, तेव्हा भावाबद्दल जाब ज्याला विचारायचा तो माणूस आरामात सुटला.

आणि समर्थकांचं ते मोबाईलचं तुणतुणं? न्यूट्रिनो पकडून सत्तर वर्षं होत आली. अणुभट्टीवर लांबून नजर ठेवायला त्याचा वापर होईल का, याचे प्रयत्न आहेत. बाकी बाजारात काही आलेलं नाही, आणि येईल असं वचन देण्याचा कोणाला अधिकार नाही. उपयोगाच्या बोलीवर पैसा मागितला की उपयोग दिसला नाही त्या दिवशी लोक परत मागणार. खोटं बियाणं विकणाऱ्याचं दुकान एकच हंगाम चालतं, हे मी धंद्याने शिकलोय.

'काय उपयोग' हा सवाल विदर्भाला नवा नाही. हिंगणघाटला विल्यम लॅम्ब्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्याने उत्तरेकडे चालायला सुरुवात केली, कशासाठी, तर पृथ्वीची कमान नेमकी केवढी आहे ते मोजायला. अवजड यंत्र आणि साखळ्या घेऊन वीस वर्षं तो त्रिकोण जोडत आला आणि जानेवारी १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला गेला. मद्रासच्या वित्त समितीतल्या एका सदस्याने सुरुवातीलाच खोच मारली होती, की श्रीरंगपट्टणला जायचं तर पालखीच्या भोयाला सांगितलं की तो नेऊन सोडतो, त्याला लॅम्ब्टनच्या नकाशाची गरज पडत नाही. काकाजींच्या टोमण्याचा हा आजोबाच म्हणायचा. आज त्या सदस्याचं म्हणणं हास्यास्पद वाटतं. पण थांबा, या गोष्टीची दुसरी बाजू समर्थक सांगत नाहीत. त्या मोजणीच्या आधारावर जे नकाशे झाले ते राज्यकर्त्यांच्या कामाला आले. सारा वसुलीला, रेल्वेला, आणि आमचा नावाजलेला हिंगणघाटी कापूस बंदराकडे न्यायला. ज्याच्या शेतातून साखळी ओढत नेली त्याला कोणी विचारलं होतं का, की बाबा, पृथ्वी किती गोल आहे हे तुला जाणून घ्यायचंय का? मोजणी खरी होती, सुंदर होती, आणि ती आपल्या डोक्यावरून झाली. दोन्ही वाक्यं एकाच वेळी बरोबर आहेत.

थेनीत नेमकं तेच पुन्हा झालं. लोकांनी विचारलं, बोगद्याचे सुरुंग लागतील, लाखो टन दगड निघेल, डोंगरातलं पाणी कुठे जाईल? शास्त्रज्ञांकडून उत्तर मिळालं की न्यूट्रिनो निरुपद्रवी असतात. प्रश्न बोगद्याचा, उत्तर कणाचं. मग पोकळी अफवांनी भरली: किरणोत्सार होणार, अणुकचरा पुरणार, शस्त्रं बनणार. यातलं एकही खरं नव्हतं. न्यूट्रिनोची भीती घालवायला माझ्या दुकानातलं पोटॅशचं पोतं पुरतं. नैसर्गिक पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० अगदी थोडा असतो, तरी ५० किलोच्या पोत्यात दर सेकंदाला साडेसात लाखांच्या वर अणू फुटतात आणि त्यातल्या बहुतेकांतून एकेक प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतो. आपल्या शरीरातही पोटॅशियम आहे. तुम्ही-आम्ही दिवसाला कोट्यवधी सोडतो. सूर्याकडून येणारे तर दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला सुमारे ६,५०० कोटी, रात्रीसुद्धा, पृथ्वी पार करून पायाकडून. वेधशाळा ते तयार करणार नव्हती, आलेले मोजणार होती. पण हे पोत्याजवळ उभं राहून, लोकांच्या बोलीत, बोगदा ठरायच्या आधी सांगायला हवं होतं. पुढे २०१७ मध्ये हरित लवादाने पर्यावरण मंजुरीला खोडा घातला, मंजुऱ्या फिरल्या, राज्य सरकार विरोधात गेलं. कागदपत्रांतली ढिलाई खरीच होती. आणि आमच्यासारख्या ज्या मुलखात गोसीखुर्द धरणाचं ३७२ कोटींचं अंदाजपत्रक पुढे हजारो कोटींवर गेलेलं लोकांनी पाहिलं, तिथे 'सरकार सांगतंय म्हणजे बरोबर' असं कोणी का मानावं?

पोरांनी चीनचं नाव काढलं होतं, त्यात तथ्य आहे पण बोचरं वेगळंच आहे. त्यांच्या जूनो या न्यूट्रिनो प्रयोगाचं खोदकाम २०१५ मध्येच सुरू झालं, आपल्या मंजुरीच्या वर्षी, आणि ऑगस्ट २०२५ पासून त्याची मोजणी चालू आहे. मला मात्र चीनपेक्षा कोलार आठवतं. १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी जपानी आणि इंग्रज सहकाऱ्यांबरोबर वातावरणातले न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा नोंदवले. रेनेसचा गट दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत त्याच सुमारास तेच करत होता. म्हणजे हा विषय परदेशातून मागवलेला नाही, आपण त्याच्या पायाभरणीला होतो. १९९२ मध्ये कोलारचे प्रयोग थांबले, २००१ मध्ये खाण बंद झाली, खोलातल्या जागा पाण्यात गेल्या. डेव्हिसची होमस्टेक खाणही बंद पडली, पंप थांबले, पाणी भरलं. तिथल्या लोकांनी पुन्हा पंप बसवून पाणी उपसलं आणि ड्यूनचे महाकाय हौद आज त्याच खाणीत कोरले गेलेत. विहिरीवरची मोटर सुरू ठेवायची की बंद करायची, एवढाच फरक. तो पैशाचा कमी आणि मनातला जास्त होता.

हा वाद थेनीत संपलेला नाही, आमच्या दारात येतोय. वाशीमला लागून असलेल्या हिंगोलीत, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी मोजणारी लायगो-इंडिया होणार आहे. २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटींची मंजुरी झाली. उद्या बाकड्यावर तोच टोमणा, तेच मोबाईलचं उत्तर. तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी 'तुमच्या मुलांना नोकऱ्या मिळतील' एवढंच सांगून निघून जाऊ नये. नोकऱ्या किती मिळतात ते आम्ही इतर प्रकल्पांत मोजलंय. काय मोजताय, ते का जाणून घ्यावंसं वाटतं, आणि चुकू शकतं का, हे सांगा. आमच्याकडे रात्रीच्या लायनीची वाट बघत मोटरीपाशी आकाशाखाली बसणारी माणसं भरपूर आहेत. 'हे सगळं आलं कुठून' हा प्रश्न त्यांना पुस्तकातून शिकवावा लागत नाही.

परवा काकाजी पोटॅश न्यायला आले. मी पोत्यावर थाप मारून सगळं सांगितलं, सरकीच्या ट्रकांसकट. ते पोत्यावर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "याच्यातून निघते थे, अन् सूर्यातून येते थे, एकच हाय का अलग?" मी गप्प झालो. पोत्यातून निघतो तो प्रतिन्यूट्रिनो, सूर्यातून येतो तो न्यूट्रिनो, आणि मुळात हे दोन एकच आहेत का, असा प्रश्न मायोराना नावाच्या इटालियन तरुणाने १९३७ मध्ये उभा केला. जड न्यूट्रिनोची ती सगळी गोष्ट त्याच्या उत्तरावर टेकलेली आहे आणि जगभरच्या जमिनीखालच्या प्रयोगशाळा ते शोधताहेत. "माहीत नाही, काकाजी," मी म्हटलं, "कोणालेच नाही."

"मंग शोधा म्हणा," ते म्हणाले आणि अंगठा पॉस मशीनवर ठेवला. मशीनने दोनदा नाकारला, रेषा झिजल्यात. त्यांनी तो धोतराला पुसला, तिसऱ्यांदा दाबून धरला, आणि बिल निघेपर्यंत पोत्याकडेच बघत राहिले.